मुलांच्या भयाचे माप



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय ठेवला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज मी सांगणार आहे तो इतिहास एका मोजपट्टीचा आहे. मुलांच्या मनातील भय, चिंता, धास्ती यांवर शास्त्रीय उपचार करणारी माणसे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुढे आली. त्या उपचारांनी मूल बरे झाले की नाही हे ओळखावयाचे कसे, हा प्रश्नही त्यांच्यापाठोपाठ आला. त्याचे उत्तर अनेकांनी अनेक तऱ्हांनी दिले. त्या उत्तरांची ही हकीकत आहे.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. कामगार संघटनेच्या कामात माझे आयुष्य गेले आणि वाचनालयांतील पुस्तकांनी जे शिकविले तेवढेच माझे शिक्षण. तरीही हा विषय मी घेतला, कारण तो युनियनच्या कचेरीतच माझ्यापुढे आला. तळोजे, रसायनी, पाताळगंगा येथील कारखान्यांतली माणसे पूर्वी पगाराची पावती घेऊन येत, ओव्हरटाइमचा हिशेब घेऊन येत. अलीकडे ती आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगतात. दहावीतला मुलगा पेपरच्या दिवशी सकाळी ओकतो. सातवीतली मुलगी दर सोमवारी पोटात दुखते म्हणून शाळेत जात नाही, आणि पोटाच्या सर्व तपासण्या चांगल्या निघतात. कोणी डॉक्टरांकडे गेलेले असतात, कोणी समुपदेशकाकडे, कोणी दोन्हीकडे. मी विचारतो, "फरक पडला का?" उत्तर येते, "पडल्यासारखा वाटतो." या "वाटतो" शब्दापाशी मी थांबतो. पगारवाढीच्या वाटाघाटीत असा शब्द कोणी वापरला तर आपण तो चालवून घेत नाही.

कामगार चळवळीला मापाचे महत्त्व फार पूर्वी समजले आहे. महागाई भत्ता निर्देशांकावर बांधलेला असतो. धान्य, तेल, कापड महागले की निर्देशांक चढावा आणि त्याबरोबर भत्ता वाढावा, अशी ती योजना. १९६३ साली मुंबईतले कामगार म्हणू लागले की बाजारातली महागाई आणि कागदावरची महागाई यांचा मेळ बसत नाही. सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि कामगारांच्या तक्रारीत तथ्य आहे, निर्देशांक कमी दाखविला जात होता, असे त्या समितीने ठरविले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण मी चळवळीत आलो तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांनी दिलेला पहिला धडा याच प्रकरणाचा होता. कोणताही आकडा मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: तो कोणी काढला, कशाशी ताडून काढला, आणि त्यात कोणाच्या घरची चूल धरली. मुलांच्या भयाचा इतिहास वाचताना मला हेच तीन प्रश्न पानोपानी भेटले.

आरंभ आपल्या जवळच्याच ठिकाणापासून करू. मुंबईत भायखळ्याजवळ नागपाडा आहे. तेथील कामगारवस्तीत डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी एक समाजकेंद्र चालवीत असत. १९३६ साली त्याच जागेत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९५४ साली देवनारला गेली. या संस्थेने १९३७ मध्ये मुलांसाठी एक मार्गदर्शन केंद्र काढले. हिंदुस्थानातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र ते हेच, असे समजले जाते.

या केंद्रामागची कल्पना अमेरिकेतली होती. शिकागो शहरात १९०९ साली डॉ. विल्यम हीली यांनी बालन्यायालयापुढे येणाऱ्या मुलांची मनःस्थिती तपासावयास सुरुवात केली. मूल उनाड आहे, भित्रे आहे किंवा मुके झाले आहे, तर त्याला मार देण्यापूर्वी ते तसे का झाले हे पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ पासून तेथील कॉमनवेल्थ फंड या निधीने निरनिराळ्या गावी नमुन्याची केंद्रे काढली. मनोविकारांचा डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारा समाजसेवक असे तिघे मिळून एका मुलाचा विचार करीत. ज्या काळात भेदरलेल्या मुलाला अंगारा लावणे किंवा छडी दाखविणे एवढेच दोन उपाय बहुतेकांना ठाऊक होते, त्या काळात हे पाऊल किती मोठे होते हे सांगावयास नको.

परंतु या केंद्रांच्या दप्तरात एक उणीव होती. मुलाचे काम संपले की उपचार करणारी व्यक्तीच त्याच्या कागदावर शेरा लिही: "सुधारला", "अंशतः सुधारला", किंवा "सुधारला नाही". शेरे प्रामाणिकपणे लिहिले जात, यात मला शंका नाही. पण ज्याने भिंत बांधली त्यानेच ती ओळंब्यात आहे असा दाखला द्यावा, अशातला हा प्रकार होता. गवंडी कितीही प्रामाणिक असला तरी ओळंबा दुसऱ्याच्या हाती असावा.

याच काळात एका बाईने ओळंबा लावून दाखविला होता. तिचे नाव मेरी कव्हर जोन्स. १९२४ साली तिने पीटर नावाच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर दोन वर्षे दहा महिन्यांचा होता आणि सशाला फार भीत असे. पीटर खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवावयाचा आणि दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणावयाचा, हा तिच्या उपचाराचा मुख्य भाग. उपचार अनेकांना माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते तिचे माप. तिने सतरा पायऱ्या लिहून काढल्या. पहिल्या पायरीवर, खोलीत कोठेही पिंजऱ्यातला ससा असला तरी मूल भिते. शेवटच्या पायरीवर, ससा त्याची बोटे कुरतडतो आणि मूल ती कुरतडू देते. मधल्या पायऱ्यांवर ससा किती हातांवर आहे, मोकळा आहे की पिंजऱ्यात, मूल त्याला शिवते की नाही, हे नोंदलेले होते. ही पायरी कोणालाही डोळ्यांनी पाहता येई. तेथे कोणाच्या मताची गरज नव्हती. मूल काय करू शकते हे पाहणे हेच पुढच्या सर्व चांगल्या मापांचे बीज होय. दुर्दैवाने ते बीज बरीच वर्षे तसेच पडून राहिले.

मग दुसरा प्रश्न पुढे आला. १९५२ साली हान्स आयझेंक या लंडनच्या मानसशास्त्रज्ञाने मोठ्या माणसांविषयी लिहिले की मज्जाविकृतीने पछाडलेल्या शंभरांपैकी सुमारे सहासष्ट-सदुसष्ट माणसे दोन वर्षांत सुधारतात, मग त्यांच्यावर मानसोपचार होवोत वा न होवोत. या लेखाने मोठा गदारोळ उडाला. १९५७ मध्ये यूजीन लेव्हिट याने तीच कसोटी मुलांच्या केंद्रांना लावली. अनेक केंद्रांचे आकडे त्याने एकत्र केले. उपचार संपताना सुमारे दोन-तृतीयांश मुले सुधारलेली होती, आणि काही वर्षांनी पाहिले तर तीन-चतुर्थांश. आकडा मोठा उत्साहवर्धक दिसतो. पण नाव नोंदवून नंतर उपचारास न आलेल्या मुलांची माहिती लेव्हिटने शोधली, तेव्हा त्यांतलीही शंभरांत सुमारे बहात्तर सुधारलेली निघाली!

आपल्या घरांत हे कोडे फार जुने आहे. मूल किरकिर करते, आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, दोन दिवसांनी मूल अंगणात खेळू लागते. दृष्ट काढली म्हणून खेळू लागले, की एरवीही खेळू लागले असते? दृष्ट न काढलेले तसेच दुसरे मूल पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. लेव्हिटच्या लेखाने दाखविले की विद्यापीठाचे शिक्षण घेतलेला तज्ज्ञसुद्धा या बाबतीत आजीच्याच पायरीवर उभा होता. लेव्हिटच्या तुलनेतही खोट होतीच. उपचाराला न आलेली मुले कदाचित मुळातच कमी आजारी असतील, अशी हरकत लोकांनी घेतली आणि ती रास्त होती. यातून निघालेला मार्ग असा, की आरंभीच सारख्या मुलांचे दोन गट करावे आणि कोणाला उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे कोणाची निवड आड येत नाही.

अशी चिठ्ठी, खरे म्हणजे नाणे, अमेरिकेतच एका मोठ्या प्रयोगात आधीच उडविले गेले होते. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारच्या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांनी तो योजिला. विषय भयाचा नव्हता, मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत हा होता. पण मापाचा धडा आपल्याला लागू आहे, म्हणून सांगतो. ५०६ मुलगे घेतले, सारख्यास सारखा अशा त्यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीतील एकाची निवड नाणे उडवून केली. निवडलेल्यांना १९३९ ते १९४५ या काळात मार्गदर्शक मिळाले, अभ्यासात मदत मिळाली, उन्हाळ्यातील शिबिरे मिळाली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या सर्वांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश पुरुष म्हणाले की त्या योजनेचा आम्हांला उपयोग झाला. कित्येकांनी आपल्या मार्गदर्शकाची आठवण प्रेमाने काढली. पण नोंदी तपासल्या तेव्हा व्यसन, गंभीर मनोविकार, अकाली मृत्यू अशा अनेक बाबींत मदत मिळालेले हे पुरुष मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळले. एकाही बाबतीत ते त्यांच्यापेक्षा चांगले निघाले नाहीत.

श्रोतेहो, समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत जवळ बाळगावी असे मला वाटते. हेतू शुद्ध होता, माणसे भली होती, पैसा खर्च झाला, आणि लाभार्थी संतुष्टही होते. तरी घात झाला, आणि तुलनेला दुसरा गट नसता तर तो कोणास कळलाही नसता. "मुलांसाठी करतो आहोत, मग मोजता कशाला?" असे म्हणणाऱ्यांना मी हेच उत्तर देतो. मुलांसाठी करतो आहोत म्हणूनच मोजावयाचे.

येथवर कोणी मोजले आणि कशाशी ताडले, हे दोन प्रश्न झाले. तिसरा प्रश्न, कोणाच्या घरची चूल धरली, तो सर्वांत अवघड आहे. भय ही आतली गोष्ट आहे. सशाचे अंतर हातांनी मोजता येते, पण रात्री अंथरुणात पडल्यावर मुलाच्या मनात काय चालते हे त्यालाच विचारावे लागते. १९५६ साली कास्टानेडा, मॅककँडलेस आणि पालेर्मो या तिघांनी मुलांसाठी चिंतेची प्रश्नावली तयार केली. तिच्यात ४२ प्रश्न चिंतेचे होते आणि ११ प्रश्न मूल खोटे बोलते की काय हे ताडून पाहण्यासाठी होते. ज्या मापात दर पाच प्रश्नांमागे एक प्रश्न अविश्वासाचा, त्या मापाची मुलांवर कितपत श्रद्धा होती ते दिसतेच. तरी मुलालाच विचारावे ही वाट तिने रुळविली. १९६० साली येल विद्यापीठातील सॅरासन आणि त्यांचे सहकारी यांनी परीक्षेच्या भयावर आख्खा ग्रंथ लिहिला. पुढे १९९७-९८ च्या सुमारास अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आणखी नव्या प्रश्नावल्या आल्या. अनोळखी लोकांचे भय, आईपासून दूर होण्याचे भय, एकाएकी छाती धडधडणे असे भयाचे प्रकार त्यांनी वेगवेगळे विचारले.

मग असे ध्यानात आले की एकाच मुलाविषयी आई एक सांगते, शिक्षक दुसरे सांगतो आणि मूल तिसरेच सांगते. १९८७ साली टॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचे आकडे एकत्र करून हे दाखवून दिले. आई आणि वडील यांची मते बरीच जुळतात. मुलाचे स्वतःचे सांगणे आणि मोठ्यांचे सांगणे मात्र फारच थोडे जुळते. यात कोणी खोटे बोलत असते असे नव्हे. वर्गात मुकाट बसणारी मुलगी शिक्षकाला गुणी वाटते. तिची जीभ टाळूला चिकटली आहे हे तिलाच ठाऊक असते. तेव्हा एकालाच विचारून काम भागत नाही. कारखान्यातील अपघाताची चौकशी करताना आपण फक्त मुकादमाची जबानी घेत नाही, तसेच हे आहे.

ही सर्व शिदोरी बरोबर घेऊन १९९४ मध्ये फिलाडेल्फियातील फिलिप केंडॉल यांनी चिंताविकाराच्या मुलांवर पहिला नीट बेतलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ९ ते १३ वर्षांची ४७ मुले होती. काहींना सोळा बैठकींचा उपचार ताबडतोब दिला. त्यात भय वाटते तेव्हा मनात येणारा विचार पकडणे, तो तपासणे, आणि भयाच्या गोष्टीकडे पायरीपायरीने जाणे शिकवीत. बाकीच्यांना काही आठवडे थांबावयास सांगितले. उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के मुलांत मूळ विकाराचे निदान उरले नाही. थांबलेल्यांत असे मूल एकच निघाले. पीटरच्या पायऱ्या सत्तर वर्षांनी अशा रीतीने परत आल्या.

त्याहून मोठा प्रयोग २००८ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झाला. ७ ते १७ वर्षांची ४८८ मुले, चार गट, बारा आठवडे. आणि सुधारणा ठरविणारे परीक्षक असे की कोणत्या मुलाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नव्हते. बोलण्याचा उपचार आणि सर्ट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्यांत ८१ टक्के मुले चांगली सुधारली. नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ६० टक्के, नुसत्या औषधाने ५५ टक्के, आणि औषध नसलेली पोकळ गोळी मिळालेल्यांत २४ टक्के. हा चोवीसचा आकडा आजीच्या मीठ-मोहऱ्यांचा आणि काळाच्या ओघाचा. तो वजा केल्यावर उरते ते उपचाराचे खरे श्रेय. आयझेंक आणि लेव्हिट यांनी घेतलेल्या शंकेला पन्नास वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे, आणि ते आशादायक आहे. मुलांच्या चिंताविकारावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात, हे आज आपण बिनदिक्कत म्हणू शकतो.

पण पट्टी तेथेच ठेवून चालले नाही. त्या मुलांपैकी ३१९ जणांना पुढे काही वर्षांनी गाठून चार वर्षेपर्यंत दरसाल तपासले. तो वृत्तान्त २०१८ साली आला. सर्व तपासण्यांत सतत बरी राहिलेली मुले शंभरांत फक्त बावीस. तीस सतत आजारी, आणि अठ्ठेचाळीस कधी बरी तर कधी पुन्हा त्रासलेली. पहिल्या बारा आठवड्यांत ज्यांना गुण आला ती पुढेही अधिक प्रमाणात ठीक राहिली, हे खरे. पण बारा आठवड्यांचा आकडा म्हणजे जन्माचा दाखला नव्हे, हेही तितकेच खरे. करार झाल्या दिवशीची पगारवाढ आणि तीन वर्षांनी महागाईने खाऊन उरलेली पगारवाढ यांतला फरक येथे बसलेल्या प्रत्येक नोकरदाराला ठाऊक आहे.

आता परत आपल्या मुलखाकडे येऊ. मुलांचे मानसिक आरोग्य हा विषय आपल्याकडे किती उशिरा मोजला गेला ते पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. १३ ते १७ वयाच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के असल्याचे तिने नोंदविले, आणि त्यांत चिंतेचे विकारच अधिक होते. ही पाहणी १२ राज्यांत झाली. शेजारचा गुजरात त्यांत होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होते. महाराष्ट्र नव्हता.

उपचाराच्या मापाचा आपल्या बाजूचा सर्वांत बोधप्रद प्रयोग मला गोव्यात सापडला. तेथे १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी "संगत" ही संस्था स्थापन केली. आपल्याकडे मनोविकारांचे डॉक्टर इतके थोडे आहेत की त्यांच्या भरवशावर बसलो तर पिढ्या निघून जातील. तेव्हा साध्या शिकलेल्या माणसांना नीट प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून हे काम करवून घ्यावे, हा या संस्थेचा विचार. तिने शाळकरी मुलांसाठी गोव्यात आणि दिल्लीत एक उपचार घडविला. आपली अडचण नीट ओळखावयाची, तिच्यावरचे पर्याय लिहून काढावयाचे आणि एक पर्याय करून पाहावयाचा, एवढेच त्याचे तत्त्व. २०१८ मध्ये दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतील सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांत चिठ्ठ्या टाकून गट पाडले. एका गटाला समुपदेशकाच्या चार-पाच छोट्या बैठकी आणि पुस्तिका मिळाल्या, दुसऱ्याला नुसत्या पुस्तिका. चिंता, उदासपण, रागीटपणा अशा निरनिराळ्या तक्रारींची ही मुले होती.

यांचे माप दोन पट्ट्यांनी घेतले. एक, १९९७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट गुडमन यांनी केलेली पंचवीस प्रश्नांची ठरावीक प्रश्नावली. दुसरी पट्टी अशी, की विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत आपल्या मुख्य अडचणी, फार तर तीन, सांगावयाच्या आणि प्रत्येक किती छळते याला शून्य ते दहा गुण द्यावयाचे. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा ठरावीक प्रश्नावलीवर दोन गटांत निश्चित फरक दिसला नाही. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींच्या पट्टीवर मात्र बैठकी मिळालेल्यांचा त्रास कमी झालेला दिसला. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि संस्थेने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले.

आता यातला कोणता आकडा खरा? माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही खरे, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. "भाऊ अभ्यास करू देत नाही आणि त्यामुळे परीक्षेची धास्ती वाटते" असे मुलगी म्हणते. तिला भावाशी बोलण्याचा मार्ग सापडला तर तिची अडचण खरोखर कमी होते. पण "तुझे डोके वारंवार दुखते का?" या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात बदलेलच असे नाही. ज्याला नुसती ठरावीक पट्टी ठाऊक तो म्हणेल, पैसा वाया गेला. ज्याला नुसते मुलांचे शब्द ठाऊक तो म्हणेल, सारे साधले. केंब्रिज-सॉमरव्हिलच्या त्या संतुष्ट पुरुषांची आठवण ठेवली तर दुसऱ्यानेही सावध राहावे लागेल. म्हणून दोन्ही पट्ट्या लागतात. २०२१ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी आणि स्वतः हा त्रास भोगलेल्या तरुणांनी मिळून मुलांच्या चिंता, उदासपण आदी विकारांसाठी एक समान मापसंच सुचविला. त्यातही लक्षणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आणि रोजचे व्यवहार या सर्वांना वेगवेगळी जागा दिली आहे.

शब्दांचा मुद्दा मराठीत आणखी नाजूक आहे. इंग्रजी प्रश्नावली मराठीत उतरविताना "मी फार काळजी करतो" असे वाक्य सहज लिहिले जाते. पण "काळजी" हा आपल्याकडे मायेचाही शब्द आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणारी, आई कामावरून येईपर्यंत भात लावून ठेवणारी दहा वर्षांची मुलगी त्या वाक्यापुढे अभिमानाने "होय" अशी खूण करील आणि पट्टीवर आजारी ठरेल. उलट ज्या मुलाला खरोखर धास्ती आहे तो "चिंता" हा शब्द कधी वापरीतच नाही. तो म्हणतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते. आपल्या मुलांचे भय शरीराच्या भाषेत बोलते, आणि ती भाषा जिला कळत नाही ती पट्टी कितीही नामांकित असो, आपल्या घरची चूल तिच्यात धरलेली नाही.

आणखी एक सावधगिरी. भय कमी झाल्याचा आकडा फसवा असू शकतो. शाळेला घाबरणारे मूल घरी ठेवले की आठ दिवसांत त्याची धडधड थांबते. पट्टी म्हणेल, सुधारला. प्रत्यक्षात त्याचे जग एका खोलीएवढे झालेले असते. म्हणून भय किती राहिले यासोबतच, मूल शाळेत किती दिवस गेले, मैदानावर उतरले काय, दुकानात जाऊन स्वतः काही मागितले काय, हे मोजले पाहिजे. पीटरच्या सशाचा धडा तोच आहे. आणि प्रत्येक भय हा विकारही नव्हे. बापाची कंत्राटी नोकरी महिन्याच्या अखेरीस राहील की जाईल हे ठाऊक नसलेल्या घरात मूल झोपेतून दचकून उठत असेल, तर त्याच्या भयाला कारण आहे आणि त्या कारणावरचा उपाय समुपदेशकाच्या खोलीत सापडणार नाही. माप घेणाऱ्याने हेही लिहून ठेवावे, नाहीतर गरिबीच्या दुखण्याला आपण मुलाच्या मनाचे दुखणे म्हणून मोकळे होऊ.

पनवेल आता खाडीकाठचे लहान बाजारगाव राहिलेले नाही. भाताची खाचरे गेली, इमारती आल्या, शाळा आणि शिकवणीचे वर्ग गल्लोगल्ली झाले. त्याबरोबर समुपदेशकही आले, आणि ते आले याचा मला आनंद आहे. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांनी मराठी पालकांच्या मनातील या विषयाची लाज बरीच घालविली आहे. पण शाळांच्या आणि योजनांच्या अहवालांत बहुधा एकच आकडा ठळक असतो: इतक्या मुलांचे समुपदेशन केले. हा केलेल्या कामाचा आकडा झाला. कारखान्याच्या दवाखान्यात किती गोळ्या वाटल्या, यावरून किती कामगार बरे झाले हे कळत नाही.

म्हणून पालकांनी आणि शाळा चालविणाऱ्यांनी काही गोष्टी मागून घ्याव्या. उपचार सुरू होण्यापूर्वी मुलाची स्थिती लिहून ठेवावी, त्याच्या स्वतःच्या शब्दांतही आणि एखाद्या तपासून घेतलेल्या मराठी प्रश्नावलीवरही. मुलाला, पालकाला आणि शिक्षकाला वेगवेगळे विचारावे. उपचार संपल्यावर तेच माप पुन्हा घ्यावे, शक्य तर उपचार न करणाऱ्या माणसाकडून, आणि सहा महिन्यांनी व वर्षाने आणखी एकदा घ्यावे. आकडा वाईट आला तर तो लपवू नये. गोव्याच्या संस्थेने लपविला नाही, म्हणूनच आज मला तो तुमच्यापुढे मांडता आला. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि उत्तर काहीही आले तरी ऐकण्याची तयारी, एवढे पुरे. मुलाचे नाव मात्र त्या वहीबाहेर जाता कामा नये, कारण भयापेक्षा बभ्रा मुलाला जास्त दिवस पुरतो.

शंभर वर्षांपूर्वी एका बाईने ससा आणि मूल यांमधले अंतर मोजले. नंतरच्या लोकांनी तुलनेचा गट, तटस्थ परीक्षक, वर्षांनंतरची तपासणी आणि मुलाचे स्वतःचे शब्द यांची भर घातली, आणि प्रत्येक भरीमागे कोणाच्या तरी मुलांना बसलेली ठोकर आहे. ते शिक्षण आपल्याला आयते मिळाले आहे. सोमवारी पोट दुखणारी ती मुलगी बरी झाली काय, याचे उत्तर "वाटते" असे न येता, "मागच्या महिन्यात अठरा दिवस शाळेत गेली आणि पोटातला गोळा आठवरून तीनवर आला असे ती स्वतः म्हणते" असे यावे, यासाठी त्याचा उपयोग करावा, इतकीच माझी विनंती आहे.